आर्सेनिक: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिण्याच्या पाण्याविषयी खान्देशातून जे प्रश्न येतात त्यांत आर्सेनिकचा प्रश्न हटकून असतो. बातमी बंगालची किंवा बिहारची असते आणि धास्ती मात्र चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या बोअरची वाटते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले असून, ज्याचे उत्तर दुसरीकडे आले आहे तेथे केवळ क्रमांक दिला आहे.

१. आर्सेनिक म्हणजे नेमके काय? धातू, दगड की औषध?

आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. त्याचा अणुक्रमांक ३३ असून त्याचे काही गुण धातूंसारखे आणि काही अधातूंसारखे असल्याने त्याची गणना धातुसदृशांत होते. आवर्तसारणीत ते फॉस्फरसच्या लगेच खाली येते, आणि त्याच्या विषारीपणाचा एक भाग याच शेजारामुळे आहे (पाहा प्रश्न ६). पृथ्वीच्या कवचात ते किलोमागे सरासरी दोनेक मिलिग्रॅम आढळते, म्हणजे आपल्या शेतातील मातीतही ते थोडेफार असतेच. शुद्ध रूपात ते क्वचित सापडते. लोह आणि गंधक यांच्याबरोबर ते आर्सेनोपायराइट या खनिजात असते, नुसत्या गंधकाबरोबर त्याची तांबडी मनशीळ आणि पिवळी हरताळ होते, आणि ऑक्सिजनबरोबर पांढरी भुकटी, म्हणजे सोमल, तयार होते. ही सगळी रूपे सारखी घातक नाहीत, आणि पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. जुन्या गोष्टींत सोमल घालून माणूस मारल्याचे ऐकतो. हेच का ते विष?

होय. सोमलाला चव जवळजवळ नसते, ते अन्नात मिसळले तरी कळत नाही, आणि त्याने होणाऱ्या उलट्या व पाण्यासारखे जुलाब पटकीच्या लक्षणांशी इतके जुळतात की साथीच्या दिवसांत असा मृत्यू सहज खपून जात असे. ही सोय १८३६ मध्ये संपली. जेम्स मार्श या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने शरीरातील अत्यल्प आर्सेनिकही दाखवून देणारी चाचणी त्या वर्षी प्रसिद्ध केली आणि १८४० मध्ये फ्रान्समधील लाफार्ज खटल्यात ती गाजली. केस आणि नखे यांत आर्सेनिक टिकून राहत असल्याने मृत्यूनंतर बऱ्याच काळाने केलेल्या तपासणीतही ते सापडू शकते. आज भारतातील लोकांना आर्सेनिकचा खरा त्रास होतो तो मात्र घातपातामुळे नव्हे, तर पाण्यामुळे.

३. पाण्यात कोणी टाकत नाही, कारखानाही जवळ नाही, मग ते येते कुठून?

जमिनीतूनच. सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाजवळच्या प्रदेशाचे आहे. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचे, म्हणजे गंजाच्या जातीचे, पातळ आवरण असते आणि आर्सेनिक त्या आवरणाला चिकटलेले असते. गाळात कुजकट सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल तर तेथील सूक्ष्मजीव पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मग श्वसनासाठी लोहाच्या आवरणाचाच वापर करू लागतात. आवरण विरघळते आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात सुटते.

नदी-तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे होणारे जुलाब आणि पटकी टाळावी म्हणून १९७० च्या दशकापासून त्या प्रदेशात हातपंप मोठ्या संख्येने बसवले गेले. हेतू चांगला होता आणि जंतूंच्या बाबतीत तो सफलही झाला, परंतु त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कोणी पाहिले नव्हते. १९८३ मध्ये कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या त्वचेवरील डागांचा संबंध या पाण्याशी जोडला आणि १९९३ मध्ये बांगलादेशातही तेच आढळले.

४. मग आमच्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पाण्यात आर्सेनिक आहे का?

आर्सेनिकच्या ज्ञात मोठ्या पट्ट्यांसारखी परिस्थिती येथे नाही, आणि त्यामागे भूरचनेची कारणे आहेत. खान्देशचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे आणि या खडकात आर्सेनिक मुळातच कमी असते. तापी आणि पूर्णा यांच्या काठी गाळाचा जाड थर आहे, तो काही ठिकाणी शेकडो मीटर खोल जातो, परंतु तो मुख्यतः सातपुड्याच्या आणि दख्खनच्या खडकांतून आलेला आहे. यावल-रावेर भागात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात पाणी खोल गेले आहे आणि वरून हवेसह झिरपत जाते. ऑक्सिजन संपून लोह विरघळण्याची जी परिस्थिती प्रश्न ३ मध्ये सांगितली, ती अशा जमिनीत सहसा तयार होत नाही.

एक गोष्ट वाचून अनेकांना नवल वाटते. आपल्या विहिरींची नेहमीची तक्रार असलेले नायट्रेट आर्सेनिकला एक प्रकारे अडवून धरते. युरिया, उकिरडे आणि शोषखड्डे यांतून उतरलेले नायट्रेट पाण्यात असेपर्यंत सूक्ष्मजीव आधी त्याचा वापर करतात आणि लोहाच्या आवरणाला हात लावत नाहीत. अर्थात म्हणून नायट्रेट चांगले ठरत नाही. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलेले नायट्रेट तान्ह्या बाळासाठी घातक आहे, आणि खान्देशात पाण्याच्या तपासणीवर पैसे खर्च करायचे असतील तर माझ्या मते नायट्रेट, क्षार आणि कठीणपणा यांचा क्रम आधी लागतो.

असे असले तरी न तपासलेल्या विहिरीला कोणी निर्दोष ठरवू नये. आर्सेनिक केवळ गाळाच्या मैदानात असते, हा समज छत्तीसगडमधील त्या वेळच्या राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा गावाने खोटा ठरवला आहे. तेथे ते कठीण खडकातील पाण्यात निघाले. अर्जेंटिनाच्या मैदानात तर ऑक्सिजन भरपूर असतानाही आर्सेनिक आढळते, कारण तेथील पाणी अल्कधर्मी आहे आणि सामू सुमारे ८.५ च्या वर गेला की आर्सेनिकची कणांवरील पकड सैल होते. पूर्णेच्या खाऱ्या गाळपट्ट्यातील ज्या बोअरचा सामू असा चढा निघतो, तिचे पाणी एकदा आर्सेनिकसाठी तपासून घ्यावे, असे मी सुचवतो. दगडी कोळशाच्या राखेतही आर्सेनिक अल्प प्रमाणात राहत असल्याने राखेच्या तळ्यालगतच्या विहिरींनाही हाच सल्ला लागू आहे.

५. पाण्यात किती आर्सेनिक असले तर चालते?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ पासून लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली आहे. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये स्वीकारार्ह मर्यादा तेवढीच, म्हणजे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, आहे. गावाच्या जलकुंभात एक लाख लिटर पाणी मावत असेल तर त्यात एक ग्रॅम आर्सेनिक मिसळल्यावर ही मर्यादा गाठली जाते. इतक्या कमी प्रमाणाला रंग, वास किंवा चव असणे शक्यच नाही, त्यामुळे "पाणी गोड लागते" या साक्षीला येथे काहीही किंमत नाही.

६. शरीरात गेल्यावर ते करते काय?

पाण्यातील आर्सेनिक मुख्यतः दोन रूपांत असते. आर्सेनेट हे रूप फॉस्फेटचा तोतया आहे. पेशी त्याला फॉस्फेट समजून आत घेते आणि ऊर्जा तयार करण्याच्या साखळीत त्याला जागा देते, पण त्यातून बनलेला पदार्थ लगेच मोडतो आणि ऊर्जा वाया जाते. आर्सेनाइट हे दुसरे रूप अधिक घातक असून ते प्रथिनांतील गंधकाला घट्ट पकडते, त्यामुळे अनेक विकरे बंद पडतात. केस आणि नखे यांच्या केराटिनमध्ये गंधक भरपूर असते, म्हणून आर्सेनिक तेथे साठते.

एकदम मोठी मात्रा गेली तर तासाभरातही उलट्या, पोटदुखी आणि जुलाब सुरू होऊ शकतात. थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर त्वचा, फुफ्फुस आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि हे परिणाम फार उशिरा दिसतात. चिली देशातील अँटोफगास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी मिळत होते. १९७० मध्ये शुद्धीकरण सुरू झाले, तरी फुफ्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढची काही दशके जास्तच राहिले.

७. माझ्या तळहातांना आणि पायांना जाड घट्टे पडले आहेत. ते आर्सेनिकचे तर नसतील?

शेतात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत बहुधा नसतात. कामाचा घट्टा जेथे विळा, कुदळ किंवा टिकाव घासतो तेथेच पडतो, म्हणजे बोटांच्या मुळाशी आणि ज्या हाताने काम होते त्या हाताला अधिक. तो सपाट असतो आणि काम थांबले की महिन्या-दोन महिन्यांत मऊ पडतो. आर्सेनिकने येणारा जाडसरपणा दोन्ही तळहातांवर आणि दोन्ही तळपायांवर सारखाच पसरतो, जेथे काही घासत नाही तेथेही येतो, आणि त्यात बाजरीच्या दाण्याएवढे टणक उंचवटे बोटाला लागतात. बरोबरीने छाती-पाठीवर काळसर आणि फिकट ठिपके दिसतात, जणू पावसाचे थेंब पडून वाळले आहेत. एकच पाणी पिणाऱ्या घरातील दोघा-तिघांना असे दिसू लागले तर डॉक्टरांकडे जाताना पाण्याचा नमुनाही तपासायला द्यावा. टाचांच्या भेगा आणि दातांवरील पांढरे-पिवळे पट्टे ही आर्सेनिकची लक्षणे नाहीत. दातांवरच्या पट्ट्यांमागे बहुधा फ्लोराइड असते.

८. पाणी उकळले, तुरटी फिरवली किंवा मेडिक्लोर टाकले तर आर्सेनिक जाते का? जारचे पाणी घ्यावे का?

उकळल्याने जात नाही, उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. मेडिक्लोर आणि टीसीएल पावडर जंतू मारतात. क्लोरीनमुळे आर्सेनाइटचे आर्सेनेट होते, हे शुद्धीकरण केंद्रात उपयोगी पडते, पण माठातील आर्सेनिक त्यामुळे बाहेर निघत नाही. तुरटीच्या साक्याबरोबर काही आर्सेनेट खाली बसते, मात्र घरी अंदाजाने फिरवलेल्या तुरटीवर विसंबून राहता येत नाही. अतिनील दिव्याच्या फिल्टरचा येथे उपयोग नाही आणि साध्या कोळशाच्या फिल्टरचा फारच थोडा.

आरओ यंत्राने आर्सेनिक बऱ्यापैकी निघते, आर्सेनेट अधिक आणि आर्सेनाइट कमी. लोहाच्या गंजावर आर्सेनिक पकडणारे साधे फिल्टर बांगलादेश आणि नेपाळमध्ये वापरले गेले आहेत. आरओमधून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पाण्यात सगळे आर्सेनिक एकवटलेले असते, तेव्हा बाधित भागात ते परसातल्या भाजीला घालू नये. वीस लिटरच्या जारविषयी एवढेच सांगता येईल की तो थंड असतो. आत आरओचे पाणी आहे की नुसते गार केलेले बोअरचे, हे विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल मागितल्याशिवाय कळत नाही.

९. केळी, कपाशी, दादर, भात यांत आर्सेनिक उतरते का?

बहुतेक पिकांत आर्सेनिक मुळांशीच अडते आणि फळात किंवा दाण्यात फार कमी पोहोचते, त्यामुळे केळी, ज्वारी, बाजरी यांची चिंता करण्याचे कारण नाही. भात हा मोठा अपवाद आहे. भाताच्या खाचरात पाणी साचून राहते, मातीतील ऑक्सिजन संपतो, आर्सेनाइट मोकळे होते, आणि सिलिका शोषून घेण्याचा भाताचा जो मार्ग आहे त्याच मार्गाने ते आत शिरते. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा ठरवली आहे. नवापूरकडे भात पिकतो, पण खाचर असले म्हणजे आर्सेनिक जास्तच असेल, असे नाही. ते त्या मातीवर आणि पाण्यावर अवलंबून आहे.

बाधित भागातील तांदूळ असेल तर स्वच्छ पाण्यात धुऊन, भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकल्यास आर्सेनिक बरेच कमी होते. रात्रीच्या खिचडीत मात्र सारे पाणी आतच मुरते, त्यामुळे तेथे ही युक्ती चालत नाही. ज्या घरात कळण्याची किंवा बाजरीची भाकरी हे मुख्य अन्न आहे, तेथे तांदळातून येणारा वाटा तसाही लहान असतो.

१०. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होते, ती आर्सेनिकची का?

नाही. पॅरिस ग्रीनसारखी आर्सेनिकयुक्त कीटकनाशके एकेकाळी जगभर वापरली जात, पण ते आता भारतात बंदी असलेल्या कीटकनाशकांच्या यादीत आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने जी माणसे दगावली, तीही आर्सेनिकमुळे नव्हे. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांच्या बाधेत लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि त्यावरचा उतारा अगदी वेगळा असतो. उंदीर मारण्याची काळी पावडर म्हणजे बहुधा झिंक फॉस्फाइड असते. तिचाही सोमलाशी संबंध नाही.

११. चुकून किंवा कोणी दिल्यामुळे पोटात गेल्याची शंका आली तर काय करावे?

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जे वाहन मिळेल त्याने जिल्हा रुग्णालय गाठावे. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. पुडी, डबा किंवा उरलेले अन्न झाकून सोबत न्यावे, कारण विष कोणते हे कळण्यावर उपचार ठरतो. डायमरकॅप्रॉल हे औषध आर्सेनिकला बांधून शरीराबाहेर काढते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा म्हणून ते ब्रिटनमध्ये शोधले गेले. पाण्यामुळे वर्षानुवर्षे झालेल्या बाधेत मात्र ते पाणी बंद करणे हाच मुख्य उपचार आहे.

१२. वैद्यांनी दिलेल्या औषधात हरताळ किंवा मल्ल (म्हणजे सोमल) आहे. घ्यावे का? आणि २०२० मध्ये वाटलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्यांचे काय?

समीरपन्नग रस, मल्लसिंदूर, रसमाणिक्य या रसौषधींत आर्सेनिकची संयुगे असतात, हे लपवण्यासारखे नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील विषारी द्रव्यांच्या ई-१ अनुसूचीत मनशीळ आणि हरताळ यांची नावे आहेत आणि अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. परवानाधारक उत्पादकाची सीलबंद बाटली आणि नोंदणीकृत वैद्य असतील तर शंका त्यांनाच विचाराव्यात. आठवडे बाजारात वातावर किंवा दम्यावर कागदाच्या पुडीत मिळणारे बिननावाचे चूर्ण मात्र घेऊ नये. गुडघेदुखी थांबल्याचा अनुभव खरा असला तरी पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.

आर्सेनिकम अल्बम ३० ही गोळी २०२० मध्ये आयुष मंत्रालयाच्या शिफारशीनंतर घरोघरी पोहोचली. शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा विरळ केल्यावर त्यात मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता नसते. त्यामुळे तिच्यातून विषबाधेची भीती नाही, आणि त्याच कारणाने औषध म्हणून तिच्यात काय काम करते, याचे उत्तर रसायनशास्त्राकडे नाही. याउलट तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर सोमलच, मोजून आणि शिरेवाटे, रुग्णालयात दिले जाते आणि त्याचा गुण सिद्ध झालेला आहे.

१३. लघवीच्या तपासणीत आर्सेनिक जास्त आले, पण पाणी तर स्वच्छ निघाले. असे कसे?

आधीच्या दोन-तीन दिवसांत समुद्रातील मासे, झिंगे किंवा सुकट खाल्ली होती का, हे आठवावे. सागरी जीवांत आर्सेनोबेटेन हे सेंद्रिय रूप भरपूर असते. ते निरुपद्रवी असून तसेच लघवीवाटे बाहेर पडते, पण एकूण आर्सेनिक मोजणाऱ्या चाचणीत त्याचीही भर पडते. चार-पाच दिवस मासळी वर्ज्य करून पुन्हा नमुना द्यावा किंवा असेंद्रिय आर्सेनिक वेगळे मोजून मागावे. लघवी अलीकडच्या काही दिवसांची बाधा सांगते, केस आणि नखे मागच्या काही महिन्यांची.

१४. पाण्यात आर्सेनिक असेल तर आईने बाळाला अंगावर पाजावे का?

पाजावे. आर्सेनिक नाळेतून गर्भापर्यंत पोहोचते, परंतु आईच्या दुधात फार कमी उतरते. त्याच पाण्यात पावडरचे दूध कालवणे हे बाळासाठी कितीतरी वाईट आहे. गरोदर बाईच्या पिण्याचे पाणी मात्र सर्वांत आधी बदलावे.

१५. घरात जुनी हस्तलिखित पोथी आहे, पाने पिवळी आहेत. त्यावर हरताळ असते असे ऐकले. हात लावावा का?

कीड लागू नये म्हणून कागदाला हरताळ लावण्याची आणि चुकलेली अक्षरे तिने झाकण्याची पद्धत होती, तेव्हा शक्यता आहे, जरी नुसत्या वयानेही कागद पिवळा पडतो. हरताळ पाण्यात फारशी विरघळत नाही आणि अधूनमधून पोथी उघडल्याने बाधा होत नाही. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये, झटकून धूळ उडवू नये, नंतर हात धुवावेत आणि खराब पाने जाळू नयेत, कारण जळताना हरताळीपासून सोमलाचा धूर होतो. पोथी नीट जपायची असेल तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर असे हस्तलिखितांचे संग्रह आहेत, तेथील जाणकारांना विचारता येईल.

१६. पाणी कुठे तपासावे आणि नमुना कसा घ्यावा?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करावी आणि आर्सेनिकची तपासणी हवी आहे, असे स्पष्ट सांगावे, कारण नेहमीच्या तपासणीत ते धरलेले असेलच असे नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडील किटमध्येही ते बहुधा नसते. आर्सेनिकचे वेगळे किट मिळते. त्यातील कागदाची पट्टी पिवळी ते तपकिरी होते, पण तिच्यावरून अंदाजच बांधता येतो. मर्यादेच्या आसपासचे प्रमाण प्रयोगशाळेतच कळते.

बोअरची मोटर काही मिनिटे चालू ठेवून पाइपमधले साचलेले पाणी जाऊ द्यावे आणि मगच बाटली भरावी. टाकीच्या नळाचे पाणी घेऊ नये. बाटली शक्यतो प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, कारण आर्सेनिकच्या नमुन्यात आम्ल घालावे लागते. ते नसेल तर पाण्यातील लोह गंजून तळाशी बसते, आर्सेनिक त्याला चिकटते आणि निष्कर्ष खोटा कमी येतो.

१७. अहवालात "बीडीएल" लिहिले आहे. म्हणजे आर्सेनिक नाही ना?

त्याचा अर्थ एवढाच की यंत्र जितके कमी मोजू शकते त्याहून ते कमी आहे. ही मोजण्याची मर्यादा अहवालात कोठेतरी दिलेली असते. ती लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर निश्चिंत राहावे. ती ०.०५ असेल तर पाण्यात ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या चौपट, आर्सेनिक असूनही "बीडीएल" लिहून येऊ शकते. एककही पाहावे. मिलिग्रॅममधील ०.०१ आणि मायक्रोग्रॅममधील १० हे एकच आहेत, आणि दुसऱ्या अहवालातील १० पाहून हजारपट वाढ झाली असे समजून घाबरलेल्यांचे निरोप मला नेहमी येतात.

१८. शेजाऱ्याच्या बोअरचा अहवाल चांगला आला. आम्ही वेगळा करावा का?

बाधित प्रदेशांत काही मीटर अंतरावरील दोन हातपंपांपैकी एक स्वच्छ आणि दुसरा दूषित निघाल्याची उदाहरणे आहेत, कारण दोन्ही वेगवेगळ्या थरांतून पाणी ओढतात. खान्देशात शेजारच्या दोन बोअरच्या खोलीत शंभर-दोनशे फुटांचा फरक सहज असतो. खोली आणि थर सारखे असतील तर शेजाऱ्याच्या अहवालावरून अंदाज बांधता येतो, अन्यथा नाही. बोअर आणखी खोल नेली असेल तर जुना अहवाल बाद समजून नवा नमुना द्यावा.